इंद्रधनुष्य बेचाळीस अंशांवरच का?

पर्वतीपायथा (धागाकर्ता), १६ सप्टेंबर, रात्री १०.१५

परवा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सातवीतल्या भाचीला घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढलो. वर पोहोचलो तेव्हा वानवडी-हडपसरच्या बाजूला शाईसारखा काळा ढग उतरला होता आणि पाठीमागे, वारज्याच्या दिशेला, ढग फाटून पिवळे ऊन येत होते. समोर अखंड कमान उमटली होती आणि तिच्या बाहेर दुसरी, जरा फिकट. आजूबाजूची मंडळी मोबाइल काढून उभी असताना भाचीने तीन प्रश्न विचारले. बाहेरच्या कमानीत रंग उलटे का? दोन कमानींमधला आकाशाचा पट्टा बाकीच्या आकाशापेक्षा काळा का? आणि ‘तानापिहिनिपाजा’मधला पारवा यात नेमका कोणता?

शाळेत आपण सगळेच हे प्रकरण एका वाक्यात शिकलो: पावसाच्या थेंबात प्रकाशाचे अपवर्तन, अपस्करण आणि परावर्तन होते, म्हणून रंग दिसतात. वाक्य चुकीचे नाही, पण भाचीच्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. कमान दर वेळी तेवढ्याच आकाराची का असते, हेही त्यात सापडत नाही. दोन दिवस वाचन केल्यावर माझे असे मत झाले आहे की या विषयातला खरा पेच रंगांचा नव्हताच, कोनाचा होता. आणि इतिहास त्या पेचाभोवती लावून पाहिला तर न्यूटन फार उशिरा येतो.

सुरुवात अ‍ॅरिस्टॉटलपासून करणे भाग आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने वातावरणातील घडामोडींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात इंद्रधनुष्य म्हणजे ढगाने केलेले परावर्तन अशी मांडणी आहे. ती चुकीची आहे. रंगही त्याने तीनच मानले, तांबडा, हिरवा आणि जांभळा. पिवळा हा शेजारच्या रंगांमुळे होणारा भास आहे, असे तो म्हणतो. तरीही त्याचे ऋण मोठे आहे, कारण सूर्य, पाहणाऱ्याचा डोळा आणि ढग यांच्या जागांवरून त्याने हा भूमितीचा प्रश्न बनवला आणि सपाट जमिनीवरून अर्ध्या वर्तुळापेक्षा मोठी कमान का दिसत नाही याचा विचार केला. चंद्रप्रकाशातले इंद्रधनुष्य पन्नासहून अधिक वर्षांत दोनदाच आढळले, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे. दोन कमानींमधल्या काळ्या पट्ट्याची दखल घेतली ती त्याचा भाष्यकार, अफ्रोडिसियासचा अलेक्झांडर याने, इसवी सन २०० च्या आसपास. त्या पट्ट्याला आजही अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. म्हणजे भाचीचा दुसरा प्रश्न अठराशे वर्षांचा जुना निघाला.

कोन प्रथम मोजून लिहिला तो रॉजर बेकनने, १२६७ च्या सुमारास. सूर्याची क्षितिजापासूनची उंची आणि कमानीच्या माथ्याची उंची यांची बेरीज कधीही बेचाळीस अंशांपलीकडे जात नाही, असे त्याने नोंदवले. आकडा मिळाला, कारण मिळाले नाही.

त्यानंतरचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इराणमध्ये कमाल अल-दीन अल-फारिसी आणि युरोपात फ्रायबर्गचा थिओडोरिक या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच युक्ती केली. ढगाकडे पाहणे सोडून त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला आणि तो एकच प्रचंड थेंब आहे असे मानून त्यातून जाणाऱ्या किरणाचा माग काढला. आत शिरताना वाकणे, मागच्या भिंतीवरून एकदा परतणे आणि बाहेर पडताना पुन्हा वाकणे हा पहिल्या कमानीचा मार्ग, आणि आत दोनदा परतणे हा दुसऱ्या कमानीचा मार्ग, हे दोघांनाही उमगले. हा योगायोग वाटतो तितका आंधळा नाही. दोघांच्याही मागे इब्न अल-हैथमचा प्रकाशशास्त्रावरचा अकराव्या शतकातला ग्रंथ होता, एकाच्या हाती मूळ अरबी आणि दुसऱ्याच्या हाती लॅटिन भाषांतर. मात्र कमानीची त्रिज्या थिओडोरिकच्या ग्रंथात बावीस अंश अशी पडली आहे. बेकनचा आकडा उपलब्ध असताना ही चूक कशी राहिली, हे कोडेच आहे.

कारण सापडले ते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला, १६३७ मध्ये. त्याबद्दल खाली लिहीनच, पण आपल्याकडच्या ग्रंथांत या विषयावर काय आहे हे जाणकारांनी आधी सांगावे.

संहितावाचक, १६ सप्टेंबर, रात्री ११.०५

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, इंद्रायुधाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या पहिल्याच आर्येचा आशय असा: सूर्याचे विविध रंगांचे किरण ढगाळ आकाशात वाऱ्याने विस्कटले जाऊन धनुष्याच्या आकाराने दिसतात, त्याला इंद्रधनुष्य म्हणतात. ‘विविधवर्णाः’ हे विशेषण किरणांना लावलेले आहे, ढगाला नव्हे, आणि एवढ्यावरून काही मंडळी न्यूटनच्या आधी हजार वर्षे प्रकाशाचे पृथक्करण आपल्याकडे ठाऊक होते असा निष्कर्ष काढतात.

मला तो मान्य नाही. पुढच्याच आर्येत अनंताच्या कुळातील सर्पांच्या निःश्वासातून ते निर्माण होते असे काही आचार्य मानतात, हे मतही वराहमिहिर तितक्याच शांतपणे नोंदवतो आणि मग कोणत्या दिशेला दिसले तर राजाला, पावसाला आणि पिकाला काय फळ मिळेल या विषयाकडे वळतो. त्याला कोन मोजायचा नव्हता, शकुन वाचायचा होता. एक वाक्य योग्य दिशेने पडणे निराळे आणि ते तपासून पाहण्याची सोय करणे निराळे. चीनमध्ये शेन कुओ यानेही अकराव्या शतकात इंद्रधनुष्य ही पावसात पडलेली सूर्याची छाया आहे असे मत नोंदवले आहे. तेही सुंदर आहे आणि तेही तिथेच थांबते.

वेताळटेकडी, १७ सप्टेंबर, सकाळी ७.२०

मी गेली अनेक वर्षे रोज दोन वेळा टेकडीवर जातो. माझा अनुभव असा की ऐन जुलैत, पाऊस सर्वाधिक असताना, इंद्रधनुष्य क्वचितच दिसते. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीनंतर, श्रावणात आणि परतीच्या पावसात मात्र हमखास. आणि भर दुपारी तर कधीच नाही. याचा त्या बेचाळीसशी संबंध आहे का?

कोष्टक, १७ सप्टेंबर, सकाळी ९.४०

दुपारचा संबंध थेट आहे. कमानीचे केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस, म्हणजे आपल्या डोक्याची सावली जिथे पडते त्या दिशेला असते. सूर्य जितके अंश वर, तितके अंश ते केंद्र क्षितिजाखाली. त्यामुळे सूर्य बेचाळीस अंशांपेक्षा वर गेला की कमानीचा माथाही क्षितिजाखाली बुडतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा धरून मी गणित केले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वानऊनंतर आणि दुपारी साधारण चारच्या आधी सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसणे शक्य नाही. आता सप्टेंबरच्या मध्यात ही वेळ दुपारी साडेतीनच्या सुमारास येते, आणि ऑक्टोबरच्या मध्यात तीनच्या. तुम्ही टेकडीवर असाल आणि पाऊस खालच्या दरीत पडत असेल, तर थोडी सवलत मिळते.

जुलैचे कारण वेगळे आहे. तेव्हा आपल्याकडे आकाश सलग झाकोळलेले असते आणि पाऊस रिपरिप पडतो. पाठीमागून ऊन यायला फटच नसते. वळवाचे ढग सुटे असतात, बऱ्याचदा ते पूर्वेला असतात आणि पश्चिम मोकळी असते. इंद्रधनुष्याला पाऊस जितका लागतो तितकीच उघडीपही लागते.

लोलक, १७ सप्टेंबर, दुपारी २.१०

शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाही.

पहिली गोष्ट, थेंबात ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ होते असे कित्येक गाइडांत छापलेले असते आणि मुले तेच पाठ करतात. ते चूक आहे. पाण्यातून हवेत येताना पूर्ण परावर्तनासाठी आतला कोन सुमारे ४८.६ अंशांपेक्षा मोठा हवा, आणि इंद्रधनुष्य घडवणारा किरण मागच्या भिंतीवर जेमतेम ४० अंशांनी आपटतो. खरे तर बाहेरून आत शिरलेला कोणताही किरण गोल थेंबात पूर्णपणे परावर्तित होऊच शकत नाही, कारण तो शिरताना ज्या कोनाने वाकला त्याच कोनाने मागच्या भिंतीवर पोहोचतो. ज्या दाराने आत येता आले, त्याच कोनाने बाहेरही जाता येते. बहुतेक प्रकाश मागून निघून जातो आणि थोडासाच परततो. दुसऱ्या कमानीत ही गळती दोनदा होते, म्हणून ती फिकट.

दुसरी गोष्ट आकृतीची. फळ्यावर एक थेंब काढला की त्यातून तांबडा किरण खाली आणि जांभळा वर निघताना दिसतो, आणि दरवर्षी एखादी चलाख मुलगी विचारते की मग कमानीत तांबडा वर कसा. उत्तर असे की एका थेंबातून आपल्या डोळ्यात एकच रंग पोहोचतो. त्या थेंबाचा तांबडा डोळ्यात शिरला तर त्याचा जांभळा आपल्या डोक्यावरून निघून जातो. तांबडा दिसतो तो वरच्या थेंबांमुळे, जांभळा खालच्या थेंबांमुळे. हे थिओडोरिकने ओळखले होते आणि माझ्या मते गोलाच्या प्रयोगाइतकेच ते महत्त्वाचे होते. शेजारी उभ्या असलेल्या भाचीला दिसलेली कमान मामाच्या कमानीहून निराळ्या थेंबांनी बनलेली होती, हेही त्यातूनच येते.

दुसऱ्या कमानीत किरण थेंबाच्या खालच्या बाजूने शिरून आत दोनदा वळतो आणि उलट्या फेऱ्याने आपल्याकडे येतो, त्यामुळे रंगांचा क्रमही उलटतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

कोष्टक, १७ सप्टेंबर, रात्री ८.३०

देकार्तने नेमके काय केले हे समजून घेण्यासाठी मी त्याचे गणित संगणकावरच्या तक्त्यात पुन्हा केले. त्याने ते हाताने केले होते. थेंबाची त्रिज्या दहा हजार भागांत विभागून, मध्यापासून कोणत्या अंतरावर शिरलेला किरण कोणत्या कोनाने परततो, हे त्याने एकेक करून काढले. मी त्रिज्या १ धरली आणि पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात शिरताना किरण किती वाकतो ते सांगणारा आकडा, चार तृतीयांश.

थेंबाच्या मध्यावर आदळलेला किरण सरळ मागे फिरतो, म्हणजे कोन शून्य. ०.२ अंतरावर शिरलेला ११.४ अंशांनी परततो, ०.४ वर २२.७, ०.६ वर ३३.२ आणि ०.८ वर ४१.२. इथपर्यंत कोन सारखा वाढत जातो. ०.८६ वर तो ४२.० होतो, आणि मग वाढण्याऐवजी घटू लागतो: ०.९ वर ४१.५, ०.९५ वर ३८.१, आणि थेंबाच्या काठाला चाटून जाणाऱ्या किरणासाठी अवघा १४.४.

या आकड्यांकडे नीट पाहावे. ०.८ ते ०.९ या पट्ट्यात शिरलेले सगळे किरण एका अंशाच्याही आत, जवळजवळ एकाच दिशेने बाहेर पडतात. उंच फेकलेला चेंडू माथ्यावर क्षणभर रेंगाळतो तसा कोन इथे रेंगाळतो, आणि त्या दिशेला प्रकाशाची दाटी होते. ती दाटी म्हणजे इंद्रधनुष्य. थेंब मोठा असो वा लहान, हे गणित बदलत नाही, म्हणून कमान कायम तेवढ्याच आकाराची.

आता काळा पट्टा. एकदा परतलेला कोणताही किरण बेचाळीसच्या पलीकडे जाऊ शकत नाही, पण त्याच्या आत कुठेही जाऊ शकतो. म्हणून कमानीच्या आतले आकाश उजळ दिसते. दोनदा परतलेल्या किरणांसाठी उलट आहे, ते सुमारे ५१ अंशांच्या आत येऊ शकत नाहीत. मधल्या नऊ अंशांत दोन्ही प्रकारचे किरण पोहोचत नाहीत. पट्टा काळा नाही, त्याच्या दोन्ही बाजू उजळल्या आहेत.

सदाशिवपेठी, १७ सप्टेंबर, रात्री ९.५५

देकार्तचे एवढे कौतुक चालले आहे म्हणून विचारतो. किरण किती वाकतो हा नियम हाती असल्याशिवाय वरचे एकही गणित होत नाही. तो नियम स्नेलचा, १६२१ चा. देकार्तने स्नेलचे नाव कुठे घेतले आहे काय? दुसऱ्याच्या वजनमापाने धान्य मोजून आपल्या नावाची पावती फाडण्याचा हा प्रकार नाही ना, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

पर्वतीपायथा, १८ सप्टेंबर, सकाळी ८.१५

शंका रास्त आहे आणि ती देकार्तच्या शतकातच घेतली गेली होती. नाव त्याने घेतलेले नाही. पण स्नेलने नियम प्रसिद्धच केला नव्हता, तो हस्तलिखितात राहिला. देकार्तने ते पाहिले होते काय, यावर वाद झाला आणि निकाल लागलेला नाही. त्याआधी इंग्लंडमध्ये हॅरियटला १६०२ च्या सुमारास हाच नियम सापडला होता, त्यानेही तो छापला नाही. आणि बगदादच्या इब्न सह्लने ९८४ च्या ग्रंथात भिंगांसाठी हेच प्रमाण वापरले होते. त्यामुळे पावती फाडायचीच तर ती बगदादच्या नावाने फाडावी लागेल.

श्रेयाच्या बाबतीत न्यूटनही धुतल्या तांदळासारखा नाही. १७०४ च्या आपल्या ग्रंथात त्याने पहिल्या कमानीच्या स्पष्टीकरणाचे श्रेय डोमिनिस नावाच्या धर्मगुरूच्या १६११ च्या पुस्तकाला दिले आणि देकार्तने ते फक्त सुधारले असे लिहिले. डोमिनिसच्या पुस्तकात तेवढे काही नाही, हे इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले. देकार्तला मोठे म्हणायचे न्यूटनच्या जिवावर आले असावे, असा माझा तर्क.

न्यूटनचे स्वतःचे काम मात्र वादातीत आहे. देकार्तच्या गणितात रंगच नव्हते. सगळा प्रकाश एकाच कोनाने वाकत होता. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकाचे प्रयोग केले, १६७२ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि प्रत्येक रंगाचा अपवर्तनांक निराळा असतो हे दाखवले. मग देकार्तचाच हिशेब रंगागणिक करायचा. पाण्यासाठी तांबड्याला १०८ भागिले ८१ आणि जांभळ्याला १०९ भागिले ८१ घेऊन त्याने पहिल्या कमानीचा तांबडा काठ ४२ अंश २ मिनिटांवर आणि जांभळा ४० अंश १७ मिनिटांवर काढला. सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाचा गोल आहे, हे धरून कमानीची रुंदी सव्वादोन अंश येते, असेही त्याने सांगितले.

राहिला पारवा. न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मानले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, आणि त्यामागे संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसवण्याची ओढ होती. रंगपट्टीच्या भागांची लांबीही त्याने स्वरांतरांच्या प्रमाणात लावून पाहिली. म्हणजे ‘तानापिहिनिपाजा’ हे भौतिकशास्त्राइतकेच सप्तकाचेही अपत्य आहे. भाचीला पारवा दिसला नाही यात तिच्या डोळ्यांचा दोष नाही.

तरंग, १८ सप्टेंबर, दुपारी १२.४०

न्यूटनपाशी थांबू नये ही विनंती. चांगल्या कमानीच्या आतल्या कडेला, जांभळ्याच्या खाली, कधी कधी गुलाबी-हिरव्या बारीक रेघा एकाखाली एक दिसतात. १७२२ मध्ये लँगविथ नावाच्या इंग्रज धर्मगुरूने त्यांचे काटेकोर वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. देकार्त आणि न्यूटन यांच्या भूमितीत या रेघांना जागाच नाही.

कोष्टक यांच्या तक्त्यात त्यांचे मूळ दिसते. ०.८ आणि ०.९ या दोन ठिकाणी शिरलेले किरण जवळजवळ एकाच दिशेने बाहेर पडतात, पण त्यांनी थेंबात कापलेले अंतर किंचित निराळे असते. प्रकाश ही लाट असेल तर हे दोन किरण कुठे एकमेकांना बळ देतील आणि कुठे मारून टाकतील. हे व्यतिकरण थॉमस यंगने १८०३ च्या व्याख्यानात मांडले आणि त्या रेघा म्हणजे त्याच्या लहरी सिद्धांताचा आकाशात टांगलेला पुरावा ठरला. रेघांमधले अंतर थेंबांच्या आकारावर ठरते. थेंब बारीक आणि एकसारखे असले तरच त्या स्वच्छ दिसतात. म्हणजे कमानीचा आकार थेंबाची चौकशी करत नाही, पण या रेघा करतात.

किरणांच्या हिशेबातली दुसरी अडचण अशी की बेचाळीस अंशांवर प्रकाशाची तीव्रता अनंत येते आणि त्याच्या पलीकडे एकदम शून्य होते. निसर्गात असे काटकोनी काही नसते. जॉर्ज एअरीने १८३८ मध्ये लहरींच्या आधारे ही धार बोथट करून खरा आकार काढला. त्यासाठी लागलेले संकलन इतके चिवट होते की त्याने ते थोड्याच टप्प्यापर्यंत आकड्यांनी सोडवले. १८५० मध्ये स्टोक्सने चतुर रीत काढून ते पुढे नेले. संपूर्ण विद्युतचुंबकीय उत्तर १९०८ चे, गुस्टाव मी यांचे. आडनावच ‘मी’ असल्याने मराठी वाक्यात पंचाईत होते, पण त्याला इलाज नाही. पावसाच्या मोठ्या थेंबासाठी त्यांच्या सूत्रात हजारो पदांची बेरीज करावी लागते, म्हणून ते प्रत्यक्ष वापरात आले संगणकांनंतरच.

गडवाटा, १८ सप्टेंबर, रात्री १०.२०

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, असे सगळीकडे लिहिलेले असते. कर्नल साइक्सने ते १८३५ मध्ये पाहिले, असेही. मला ते एकदाच दिसले, सकाळी, खाली कोकणात धुके भरलेले असताना, आणि वर्तुळाच्या मधोमध माझीच सावली होती. पण ते फारच लहान होते. बेचाळीस अंशांचे तर नक्कीच नव्हते.

तरंग, १९ सप्टेंबर, सकाळी ७.५०

आपले निरीक्षण अचूक आहे. इंद्रवज्र हे इंद्रधनुष्य नव्हे. त्याची त्रिज्या थोड्याच अंशांची असते, ते धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून होते आणि प्रकाश जवळजवळ सरळ मागे, सूर्याकडेच, परततो. विमानाच्या सावलीभोवती ढगावर दिसते तेही हेच. नाव मात्र मराठीने छान निराळे ठेवले आहे. घोटाळा ‘वर्तुळाकार इंद्रधनुष्य’ या स्पष्टीकरणाने केला.

सालाचीही दुरुस्ती करतो. १८३५ हे साइक्सचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केल्याचे वर्ष आहे. तो मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करत हिंडला तो त्याआधी, आणि १८३१ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडले होते. वर्तुळाच्या आत स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली पडल्याचे त्याने लिहिले आहे, म्हणजे आपण पाहिले तेच त्याने पाहिले.

आता खरी गंमत. कोष्टक यांच्या तक्त्याची शेवटची ओळ पाहा. काठाला चाटून गेलेला किरण सरळ मागे न येता १४.४ अंशांनी हुकतो, आणि मध्यावरचा किरण सोडला तर पाण्याच्या थेंबातून एकदा परतून सरळ मागे येणारा दुसरा किरणच नाही. त्यासाठी अपवर्तनांक किमान १.४१ हवा. मग इंद्रवज्र दिसते कसे? व्हान द हल्स्टने १९४७ मध्ये सुचवले की काठावरची लाट थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून थोडे अंतर सरकते आणि तेवढे १४.४ अंश भरून काढते. पुढे हे स्पष्टीकरण बरेच सुधारले गेले, पण साध्या किरणांच्या आकृतीने इंद्रवज्र समजावता येत नाही, ही गोष्ट कायम आहे.

चार्ल्स विल्सनने १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरून असेच वर्तुळ पाहिले आणि प्रयोगशाळेत ढग तयार करण्याच्या नादाला लागला. त्यातून अभ्रकोष्ठ जन्माला आले, ज्यात अणूपेक्षा लहान कणांच्या वाटा उमटतात, आणि त्याला १९२७ चे नोबेल मिळाले.

वेताळटेकडी, १९ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०५

काल संध्याकाळी बावधनच्या बाजूने ऊन आणि शहरावर सर असा योग आला. गाडी चालवताना वापरतो तो पोलरॉइड गॉगल डोळ्यांवर होता. कमानीचे दोन पाय स्वच्छ दिसत होते आणि माथा जवळजवळ गायब होता. मान आडवी केली की माथा परत येई आणि पाय विरत. हा गॉगलचा दोष, की आणखी काही?

लोलक, १९ सप्टेंबर, रात्री ८.४०

काका, आपण १८११ मधला बिओचा शोध पुन्हा लावला आहे. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, आणि त्याचे कंपन कमानीच्या रेषेला धरून असते. थेंबाच्या आत परावर्तन ज्या ४० अंशांनी होते ते पूर्ण ध्रुवणाच्या कोनाच्या, म्हणजे सुमारे ३७ अंशांच्या, अगदी जवळ पडते, म्हणून हे घडते. गॉगल आडवे कंपन अडवतो. माथ्यावरचे कंपन आडवे, पायांजवळचे उभे.

आणि ज्यांना तिसरी कमान पाहायची आहे त्यांनी चुकीच्या दिशेला शोधू नये. ती दुसरीच्या बाहेर नसते, सूर्याभोवतीच सुमारे चाळीस अंशांवर असते. हॅलीने १७०० मध्ये तिचा हिशेब केला होता, पण सूर्याच्या झगमगाटात ती इतकी क्षीण असते की तिचे पहिले छायाचित्र २०११ मध्ये जर्मनीत निघाले.

पर्वतीपायथा, २१ सप्टेंबर, रात्री ९.३०

लोलक ताईंच्या सांगण्यावरून प्रयोगसाहित्याच्या दुकानातून अर्ध्या लिटरचा गोल बुडाचा चंबू आणला, काठोकाठ पाणी भरले आणि आज दुपारी गच्चीवर दोरीने टांगला. सूर्याकडे पाठ करून उभे राहिले आणि चंबू हळूहळू वर ओढला की त्याच्या खालच्या कडेला पांढरा ठिपका दिसतो, मग तो पिवळट होतो, मग झगझगीत तांबडा, आणि दोरी आणखी बोटभर ओढली की एकदम विझतो. चंबूच्या समोरच्या मधल्या भागावर काळा कागद चिकटवला तर काही फरक पडत नाही. वरच्या कडेजवळ चिकटवला की तांबडा ठिपका जातो. ०.८६ म्हणजे काय, हे मला तक्त्यापेक्षा त्या कागदाने समजावले. हा प्रयोग करणाऱ्यांनी चंबू उन्हात तसाच टांगून खाली जाऊ नये. तो भिंगासारखे काम करतो आणि आमच्या वाळत टाकलेल्या पंचावर तपकिरी डाग पडला आहे.

भाचीने कोनमापकाला ओळंबा लावून तांबड्याचा कोन मोजला तो साडेबावन्न अंश आला. बराच वेळ कोणाचे चुकले हे कळेना. मग लक्षात आले की सूर्याची उंची तिने चार वाजता मोजली होती आणि ठिपका पाऊण तासानंतर, चहा झाल्यावर. उद्या दोन्ही मापे एकदम घेण्यासाठी तिने मला चंबूपाशी आणि स्वतःला सावलीपाशी नेमले आहे.